साध्या अभ्र्यांवर ठिपक्यांची रांगोळी: फॅब्रिक मार्करचं काम, कापड निवडण्यापासून पहिल्या धुण्यापर्यंत

फॅब्रिक मार्करने काही करायचं मनात आलं की खरेदी पेनांपासून सुरू होते. बारा रंगांचा डबा घरी येतो आणि मग कपाटात रिकामं कापड शोधलं जातं. हा क्रम उलटा हवा. नक्षी धुण्यात टिकणार की वाहून जाणार हे निम्मं कापडावर ठरतं आणि निम्मं इस्त्रीखाली. मधला रंगवण्याचा भाग सगळ्यात सुखाचा असतो, पण टिकण्याच्या दृष्टीने त्याचा वाटा थोडा.

आणखी एक गोष्ट आधीच पक्की करून ठेवावी. मार्कर हे रेषेचं साधन आहे. मोठ्या जागा भरायला गेलात तर पट्टे दिसतात, शाई पटापट संपते आणि कापड त्या जागी कडक होतं. मोठं फूल भरीव रंगवायचं असेल तर बाटलीतले फॅब्रिक कलर आणि ब्रश घ्यावा, कॅमलिनचे किंवा फेविक्रिलचे कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. मार्करसाठी रेषेतच जिचं सौंदर्य आहे अशी नक्षी निवडावी, आणि तशी नक्षी आपल्याकडे दारात रोज काढली जाते. ठिपक्यांच्या रांगोळीचा कापडावर आणखी एक मोठा फायदा होतो, तो पुढे येईलच.

उशीच्या अभ्र्यांची एक जोडी डोळ्यांसमोर ठेवून सगळं सांगते. अभ्रा लहान असतो, टेबलावर मावतो, घरात वापरला जातो आणि रुखवतात मांडायलाही शोभतो. हीच रीत टेबलक्लॉथ, ट्रेवरचा रुमाल, पडद्याचा काठ, मिक्सरचं कव्हर यांना लागू पडते. डब्याचं फडकं आणि ओट्यावरचं पुसणं मात्र सोडून द्यावं. ती रोज घासून धुवावी लागतात, आणि तेवढ्या घासण्यापुढे कोणतीच शाई फार दिवस टिकत नाही. टॉवेलही नको. त्याच्या उभ्या फासांवर पेनाचं टोक अडकतं, रेष तुटक येते.

कापड

शंभर टक्के सुती, घट्ट विणीचं आणि गुळगुळीत कापड सर्वांत उत्तम. पॉपलीन किंवा केंब्रिक घेतलं तर पहिल्याच वेळी हात बसतो. मांजरपाट स्वस्त असतो आणि त्याचा बदामी रंग तांबड्या-तपकिरी नक्षीखाली फार छान दिसतो, पण त्यात खळ भरपूर असते, ती काढायला वेळ द्यावा लागतो. खादी मला अतिशय आवडते, तरी पहिल्या कामाला ती घेऊ नये. हातसुताच्या जाड-बारीक धाग्यांवर पेन उडी मारतं.

तयार चादरींच्या संचासोबत येणारे अभ्रे पुष्कळदा मिश्र धाग्याचे असतात. शंका असेल तर शिवणीच्या आतल्या कापडाचा एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि सिंकवर किंवा स्टीलच्या ताटलीवर पेटवा. सूत कागदासारखं जळतं, वासही तसाच येतो आणि बोटाने चुरडता येणारी मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक काळी गाठ होते. पॉलिस्टरच्या धाग्यात शाई मुरत नाही, वर बसून राहते. शिवाय ती पक्की करायला जेवढी गरम इस्त्री लागते तेवढी हे कापड सोसत नाही. निम्म्याहून जास्त सूत असेल तर काम चालून जातं, पण रेषेला सुती कापडावरचा जिवंतपणा येत नाही.

रंगाबद्दल थोडंसं. साध्या मार्करची शाई पारदर्शक असते. पिवळ्या कापडावर निळा मार्कर हिरवट दिसतो, गडद कापडावर तर काहीच दिसत नाही. गेरू रंगावर पांढरी वारली नक्षी काढायची हौस पुष्कळांना असते, त्यांनी अपारदर्शक शाईचा पांढरा मार्कर मागून घ्यावा किंवा पांढरा फॅब्रिक कलर बारीक ब्रशने लावावा. पहिल्या जोडीसाठी पांढरं, मोतिया किंवा फिकट बदामी कापड घ्या.

खळ काढणं

नवं कापड दुकानात कडक आणि चकचकीत दिसतं ते खळीमुळे. त्या थरावर रेष काढली तर शाई धाग्यापर्यंत पोचतच नाही, आणि पहिल्या धुण्यात खळीबरोबर नक्षीही निघून जाते. मार्कर खराब निघाला अशी तक्रार ज्यांची असते त्यांनी आधी हे तपासावं.

अभ्रे रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला. सकाळी पाणी गढूळ झालेलं दिसेल, ते ओतून द्या. मग कोमट पाण्यात साध्या साबणाने चोळून धुवा आणि दोन-तीनदा खळबळून काढा. मांजरपाट असेल तर हे सगळं पुन्हा एकदा करा. या धुण्यात कापड मऊ करणारं सुगंधी द्रव्य अजिबात घालू नका. ते धाग्यांवर बारीक थर धरतं आणि शाईला अडवतं. नीळ आणि कांजीही नको.

वाळल्यावर कापडावर पाण्याचा एक थेंब टाका. तो लगेच शोषला गेला तर कापड तयार आहे. थेंब मण्यासारखा वर उभा राहिला तर पुन्हा धुवा. या धुण्याचा दुसरा उपयोग म्हणजे कापड जे काही आटायचं ते आत्ताच आटतं. नवं सुती कापड मीटरमागे तीन-चार सेंटीमीटर सहज आटतं, आणि नक्षी काढल्यावर आटलं तर सरळ रेषा वाकड्या होतात. म्हणून मापं घ्यायची तीही धुऊन, इस्त्री करून झाल्यावरच.

पेन आणि बाकीचं सामान

मार्करवर तो कापडासाठी आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं. खोक्यांवर नावं लिहायचा परमनंट मार्कर चालणार नाही. त्याची शाई स्पिरिटमध्ये विरघळवलेली असते, ती धाग्यांतून पसरते आणि रेषेभोवती पिवळट-जांभळट कडा धरते. कापडाच्या चांगल्या मार्करमध्ये रंगाचे बारीक कण आणि त्यांना धाग्याला चिकटवून ठेवणारा पदार्थ असतो. उष्णतेने हा पदार्थ घट्ट बसतो. म्हणूनच इस्त्रीला इतकं महत्त्व आहे.

बारा रंग घेण्यापेक्षा तीन-चार रंगांचे सुटे पेन चांगले. एक बारीक टोकाचा गडद तपकिरी, एक मध्यम टोकाचा कुंकवासारखा तांबडा, एक मोरपंखी आणि हवा तर एक हळदी पिवळा. बाह्यरेषेला काळ्याऐवजी तपकिरी घ्या असं मी आग्रहाने सांगेन. पांढऱ्या सुतावर काळी रेष छापील वाटते, तपकिरी रेष हातची वाटते.

बाकी सगळं घरातलंच: जाड पुठ्ठा, मोठी पट्टी, साधी पेन्सिल, कपडे वाळत घालायचे चिमटे, चिकटपट्टी, जुन्या सुती साडीचा तुकडा. एक गोष्ट हार्डवेअरच्या दुकानातून आणावी, बारीक पॉलिश पेपर. पुठ्ठ्यावर तो खरखरीत बाजू वर ठेवून चिकटवा आणि हा पुठ्ठा अभ्र्याच्या आत सरकवा. कापड त्यावर घट्ट पकडलं जातं, पेनाबरोबर सरकत नाही आणि शाई मागच्या थरावर उतरत नाही. भरतकामाच्या रिंगमध्येही कापड ताणता येतं, पण रिंगमध्ये जास्त ओढलं तर काढल्यावर गोल फुलं अंडाकृती होतात.

काठाचं माप

नक्षी अभ्र्याच्या मधोमध काढायचा मोह होतो. पण तिथे गाल घासला जातो, केसांचं तेल लागतं, आणि तेवढाच भाग सगळ्यात जास्त चोळून धुतला जातो. उघड्या तोंडाकडचा काठ मोकळा असतो आणि पलंगावर उशी ठेवल्यावर दिसतोही तोच. म्हणून काठ.

आपल्याकडच्या नेहमीच्या उशीचा अभ्रा साधारण १८ इंच रुंद असतो, म्हणजे जवळपास ४६ सेंटीमीटर. रांगोळीच्या भाषेत ५ ते ३ ठिपके घ्या. ओळी अशा: ३, ४, ५, ४, ३. एकूण १९ ठिपके. एका ओळीतल्या दोन ठिपक्यांमध्ये १.२ सेंटीमीटर, आणि दोन ओळींमध्ये साधारण १ सेंटीमीटर. प्रत्येक ओळीतले ठिपके शेजारच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मध्ये येतात, हे रांगोळी काढणाऱ्यांना सांगायला नकोच. असं एक फूल ४.८ सेंटीमीटर रुंद होतं. पुढच्या फुलापर्यंत १.२ सेंटीमीटर सोडलं की एका फुलाला ६ सेंटीमीटर लागतात. सात फुलं मांडली तर पट्टी ४०.८ सेंटीमीटर भरते आणि दोन्ही बाजूंना अडीच सेंटीमीटरच्या आसपास जागा शिवणीसाठी सुटते. सात ही विषम संख्या मुद्दाम घेतली आहे. चौथं फूल बरोबर मध्यावर येतं, त्यामुळे मांडणी मधल्या फुलापासून सुरू करून दोन्हीकडे जाता येतं आणि शेवटी अर्धं फूल उरायची भीती राहत नाही. तुमचा अभ्रा थोडा लहान असेल तर ठिपक्यांमधलं अंतर १.१ करा, फुलांची संख्या तीच ठेवा.

ठिपके कापडावर उतरवायला रांगोळीच्या कागदाचीच युक्ती करावी. जुन्या कॅलेंडरच्या जाड पानावर हे १९ ठिपके मोजून काढा आणि दाभणाने किंवा पेटत्या उदबत्तीने प्रत्येकाला भोक पाडा. कागद काठापासून ४ सेंटीमीटर आत पट्टीला समांतर ठेवा, चिकटपट्टीने धरा आणि प्रत्येक भोकातून पेन्सिलीने हलका ठिपका द्या. कागदाच्या दोन्ही कडांवर पुढच्या फुलाच्या खुणा करून ठेवल्या की सरकवणं सोपं जातं.

वर म्हटलेला फायदा तो हाच. इतर नक्षी कापडावर छापून घ्यावी लागते आणि तिथे अडचणी सुरू होतात. निळ्या कार्बनचा डाग तेलकट असतो आणि जात नाही. मेणाचा शिंपी-खडू इस्त्रीखाली वितळतो. पाण्याने जाणाऱ्या पेनाच्या खुणा इस्त्रीने पक्क्या होऊ शकतात, आणि इस्त्रीआधी पाणी लावावं तर नक्षीच पसरते. पेन्सिलीची पूर्ण रेघ मार्करच्या टोकाला काळं करते. ठिपक्यांच्या रांगोळीत रेघ छापायचीच नसते. पेन्सिलीचे एवढेसे ठिपके शाईखाली झाकले जातात आणि रेष थेट हाताने येते. छापूनच घ्यायची दुसरी एखादी नक्षी असेल तर दोनेक दिवसांत आपोआप उडून जाणारा जांभळा पेन वापरा, आणि तो पूर्ण उडाल्याशिवाय इस्त्री करू नका.

रेष

आधी त्याच कापडाच्या वेगळ्या तुकड्यावर हात फिरवा. तुकडाही तसाच धुतलेला हवा. मार्करचं टोक एका जागी टेकवून मनात तीनपर्यंत मोजा आणि काय होतं ते बघा. ठिपका पसरत मोठा होतो. शाई धाग्याधाग्यातून आपोआप पुढे ओढली जाते, म्हणून पेन टेकवलं की लगेच हलवायचं आणि रेष संपली की लगेच उचलायचं. कागदावर विचार करताना आपण पेन तसंच टेकवून थांबतो, ती सवय इथे मोडावी लागते.

पेन थोडं तिरकं धरा, दाब हलका. जोर दिला तर टोक फुगतं, त्याचे तंतू सुटतात आणि पुढची प्रत्येक रेष जाड येते. उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेने रेष सहज वाहते. तिरकी किंवा गोल रेष काढताना टोक धाग्यांवर किंचित अडखळतं. तिथे एकाच दमात गोल पुरा करण्याऐवजी छोट्या-छोट्या स्पर्शांनी, आधीच्या रेषेवर जरा चढत पुढे जावं. लांबून बघताना जोड दिसत नाहीत.

आता फूल. पाचच्या ओळीतला मधला ठिपका हे केंद्र. त्याच्याभोवती सहा ठिपक्यांचं पहिलं कडं आहे आणि त्याबाहेर बारा ठिपक्यांचं दुसरं. दुसऱ्या कड्यात सहा कोपरे आहेत: पाचच्या ओळीची दोन टोकं, वरच्या तीनच्या ओळीची दोन टोकं आणि खालच्या तीनच्या ओळीची दोन टोकं. केंद्रातून निघून पहिल्या कड्यातल्या एका ठिपक्याला दोन्ही बाजूंनी वळसा घालून कोपऱ्यावर मिळणारी पाकळी काढा. अशा सहा पाकळ्या. प्रत्येक पाकळीच्या पोटात एक ठिपका राहतो, तो तांबड्याने जरा ठळक करा. दोन पाकळ्यांच्या मध्ये बाहेरच्या कड्यातला एकेक ठिपका सुटा उरतो, तिथे मोरपंखी रंगाचं छोटं पान किंवा नुसता टिंब द्या.

क्रम महत्त्वाचा. फिकट रंग आधी, गडद नंतर, तपकिरी बाह्यरेषा सगळ्यात शेवटी. पाकळीत हलका पिवळा भरायचा असेल तर कडेपासून एक-दोन मिलिमीटर आतच थांबा. शाई स्वतःच कडेपर्यंत येते. पहिला रंग वाळल्याशिवाय त्याला लागून दुसरा लावू नका, नाहीतर दोन्ही एकमेकांत शिरतात. ओल्या कापडावर मुद्दाम रंग मिसळू देण्याची पद्धत वेगळी आहे आणि सुंदरही आहे, पण तिथे रेष हवी असं म्हणता येत नाही.

उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी डावीकडून उजवीकडे जावं, डावखुऱ्यांनी उलट. हाताखाली कोरा कागद ठेवा. तळव्याचा घाम आणि तेल कापडाला लागलं तर तिथे शाई नीट धरत नाही. जोडीतले दोन्ही अभ्रे शक्यतो लागोपाठ रंगवा. पेन जसजसं वापरलं जातं तसतसं टोक मऊ होतं, आणि महिन्याभराच्या अंतराने काढलेली जोडी शेजारी ठेवली की रेषांतला फरक डोळ्यांत भरतो.

नको तिथे शाई पडली तर पाणी, सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही लावू नका. डाग जात नाही, पसरतो. टिपकागदाने वरून दाबून जेवढी उचलली जाईल तेवढी उचला आणि त्या टिंबाचं पान करा, कळी करा. एका फुलाला जादा पान आलं असेल तर तसंच पान प्रत्येक फुलाला द्या.

एक माझं आग्रहाचं मत. लक्ष्मीची पावलं, स्वस्तिक, ॐ किंवा चैत्रांगणातली देवाची चिन्हं अभ्र्यावर, पायपुसण्यावर किंवा हात पुसायच्या रुमालावर काढू नयेत. ती देवघरातल्या आसनावर, पूजेच्या ताटावरच्या रुमालावर, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला घालायच्या टेबलक्लॉथवर काढावीत. वारल्यांच्या लग्नचौकातही देवी असते, तो चौकही तसाच जपावा. झाड, मोर, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवतीचा नाच एवढं अभ्र्याला पुष्कळ आहे.

वाळवणं आणि इस्त्री

रंगवून झालं की अभ्रा सपाट ठेवा, घडी घालू नका. निदान २४ तास सावलीत राहू द्या. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की दोन दिवस द्यावेत आणि पंखा चालू ठेवावा. वरून कोरडी वाटणारी शाई आत ओली असते.

पाकिटावर इस्त्रीच्या काही सूचना असतील तर त्या आधी पाळा, काही मार्करना उष्णता लागत नाही. तशी सूचना नसेल तर ही रीत. वाफेची इस्त्री असेल तर टाकीतलं पाणी पूर्ण काढून टाका. ओलावा शाईला पुन्हा सैल करतो. बटण सुतावर ठेवा. अभ्र्यातला पुठ्ठा आणि पॉलिश पेपर काढून त्या जागी जुन्या साडीची घडी घाला. अभ्रा उलटा करून नक्षीच्या मागच्या बाजूने इस्त्री फिरवा, मग सुलटा करून नक्षीवर पातळ सुती कापड ठेवून वरून फिरवा. एका वेळी इस्त्रीच्या तळाएवढाच भाग घ्या आणि त्याला तीन ते पाच मिनिटं द्या. इस्त्री सावकाश हलत राहिली पाहिजे, थांबली तर कापड पिवळं पडतं. घड्याळ समोर ठेवा, कारण चार मिनिटं हा इस्त्रीच्या हिशेबात फार मोठा वेळ असतो आणि बहुतेक जण अर्ध्या मिनिटात पुढे सरकतात. ४० सेंटीमीटरच्या काठाला दोन-तीन टप्पे लागतील. मुलांनी सुट्टीत रंगवलेले अभ्रे असले तरी हा टप्पा मोठ्यांनीच करायचा.

कापड पूर्ण गार झाल्यावर नक्षीवर ओला पांढरा बोळा दाबून बघा. रंग उतरला तर पुन्हा तेवढीच इस्त्री.

धुणं

तीन दिवस थांबून पहिलं धुणं करा. अभ्रा उलटा करून, गार पाण्यात, सौम्य साबणाने, एकटाच धुवा. थोडा जास्तीचा रंग पाण्यात दिसेल, त्याने घाबरायला नको. पुढेही भिजत घालून ठेवायचं नाही, ब्रशने घासायचं नाही, धोपटायचं नाही, ब्लीच तर मुळीच नाही. मशीनमध्ये टाकायचा असेल तर उलटा करून, गार पाण्याच्या हलक्या फेरीवर. तेलाचा डाग पडला तर तेवढ्याच जागी साबण लावून बोटाने चोळा. वाळत घालताना सावली आणि उलटी बाजू. कडक उन्हाने तांबडा रंग सर्वांत आधी फिका होतो असं मला दिसतं, म्हणून गॅलरीतल्या पडद्यांना मी तपकिरी आणि निळेच रंग सुचवते.

वर्ष-दीड वर्षात रेष थोडी मवाळ होईल. पुन्हा गिरवायची असेल तर अभ्रा सुगंधी द्रव्याशिवाय धुऊन वाळवा, फक्त बाह्यरेषेवरून बारीक तपकिरी पेन फिरवा, आतले रंग आहेत तसेच राहू द्या, आणि तीच कोरडी इस्त्री पुन्हा करा. यासाठी पेन टिकायला हवेत: टोपण टक्क आवाज येईपर्यंत लावून, आडवे ठेवून.